चौथ्या घरातला सूर

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, ती मी दुरुस्त करायला हवी होती असं कुणाचंच म्हणणं नाही. माझं काम वर्तमानपत्रातलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासायच्या, वाढलेल्या कापायच्या, कमी पडलेल्या ताणायच्या आणि पान वेळेत सोडायचं. लिफ्ट बंद पडल्याची बातमी मी चार ओळींत नीट बसवून देईन; लिफ्ट नाही. पण लिफ्ट बंद म्हणून आईचे गुडघे बोलायला लागले, गुडघे बोलायला लागले म्हणून ताईनं फोनवर "आईला माझ्याकडे पाठव, माझं घर तळमजल्यावर आहे" असं जाहीर केलं, आणि आईनं कपाटावरची बॅग खाली काढली. या साखळीत कुठंतरी मी हात घालायला हवा होता. मी घातलाही. फक्त तो माउथ ऑर्गनमध्ये घातला.

लिफ्टबद्दल आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं एकच उत्तर असे. "पार्ट निघालाय, साहेब. वाटेत आहे." हे उत्तर ते इतक्या प्रसन्न चेहऱ्यानं देत की विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. तो पार्ट पायी निघाला असता तरी एव्हाना पोचून, चहा घेऊन, परत गेला असता.

"मी काय कायमची चाललेय का?" आई म्हणाली. "लिफ्ट सुरू झाली की येते परत."

ती हे म्हणाली तेव्हा मी, बायको आणि स्वतः आई, तिघांनीही दुसरीकडे पाहिलं.

आमच्या घरात एकमेकांना "जाऊ नकोस" म्हणायची पद्धत नाही. "पोचल्यावर फोन कर" म्हणतात. त्यामुळं मी "गरम कपडे घेतलेस ना?" असलं काहीतरी विचारत तिच्या पलंगाशी घुटमळत होतो, तेवढ्यात तिनं खणाच्या तळातून एक निळी चपटी डबी काढली. बाबांचा माउथ ऑर्गन.

"याचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"टाकू नकोस."

"टाकतंय कोण? ठेवायचा कुठं ते विचारतेय."

बाबांना एकच धून यायची, आणि ती कुठली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कामावरून आले की बूट काढायचे, गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे आणि चहा येईपर्यंत ती वाजवायचे. मी तेव्हा मधल्या खोलीत अभ्यासाला बसलेला असे. एका बाजूला गॅलरी, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. बाबा गेल्यापासून ती धून घरात वाजली नव्हती. मला ती पाठ आहे, पण मी गुणगुणायला लागलो की ऐकणाऱ्याला मला काहीतरी दुखतंय असं वाटतं.

डबी हातात आली आणि मी ठरवलं. आई जायच्या आत ही धून गॅलरीतून एकदा वाजली पाहिजे. ती ऐकून आई बॅगेतले कपडे परत कपाटात लावेल, हे मात्र मी कुणाला बोललो नाही. स्वतःलाही मोघमच सांगितलं होतं.

वाजवून पाहिला. डांबराच्या गोळ्यांचा वास थेट मेंदूत गेला, पण सूर निघाले. माउथ ऑर्गनच्या भोकांना बाबा घरं म्हणायचे. प्रत्येक घरात दोन सूर, श्वास सोडला की एक, ओढला की दुसरा. सगळी घरं बोलली. फक्त चौथ्या घरात श्वास आत ओढला की काहीच नाही. नुसती हवा.

आता माझ्या धंद्याचा एक दोष सांगितला पाहिजे. कॉलममध्ये बोटभर जागा रिकामी दिसली की आम्हाला काही सुचेनासं होतं. काहीही करा, पण जागा भरा: सुविचार टाका, हवामान टाका, हरवलेल्या छत्रीचं निवेदन टाका. आणि इथं तर ऐन धुनेच्या दुसऱ्या ओळीत, सगळ्यात उंच सुराच्या जागी, भोक पडलेलं.

मी ताईला फोन केला.

"ते चौथं घर ना? ते मुकंच आहे," ती म्हणाली. "बाबांच्या वेळेपासून."

"शक्य नाही. मी रोज अख्खी धून ऐकलीय. तो सूर मला पक्का आठवतो."

"मी गॅलरीत त्यांच्या शेजारी बसायचे, शहाण्या. तू आत पुस्तकात नाक खुपसून."

दोन साक्षीदार, दोन जबाब. कचेरीत असं झालं की मी दोन्ही छापतो. घरी ताईचा जबाब कापून टाकला. थोरल्या बहिणीची स्मरणशक्ती हा असाही बेभरवशाचा स्रोत.

माउथ ऑर्गन उघडायला सोपा असतो, हीच त्यातली मोठी फसवणूक. वर-खाली पत्र्याची झाकणं, त्यांच्या आत पितळेच्या दोन पट्ट्या, पट्ट्यांवर रांगेनं बसवलेल्या बारीक बारीक जिभल्या, आणि मधोमध फणीसारखी लाकडी चौकट. श्वास लागला की जिभली थरथरते, तोच सूर. चौथ्या जिभलीखाली मला कचरा अडकलेला दिसला. चिमट्यानं काढला. चॉकलेटची चांदी होती, चौकोनी घडी घातलेली, कडा जुळवलेल्या. कचऱ्याच्या मानानं फार नीटनेटका कचरा, असं मनात आलं, आणि मी तो केराच्या डब्यात टाकला.

श्वास ओढला. सूर निघाला. किंचित उतरलेला होता, पण निघाला.

इथं मी थांबायला हवं होतं. पण उतरलेला सूर म्हणजे शुद्धलेखनाची चूक. दिसल्यावर सोडायची कशी? मी मोबाइलवर व्हिडिओ शोधले. त्यात एक दाढीवाला परदेशी गृहस्थ हसत हसत सांगत होता की जिभलीचं टोक ब्लेडनं हलकेच खरवडलं की सूर चढतो, आणि हे अगदी सोपं आहे. ज्याला एखादी गोष्ट अगदी सोपी वाटते त्याच्या हाताखाली ती शिकू नये, हे मला आता कळतं.

जेवणाच्या टेबलावर मी दिव्याखाली खरवडत बसलो होतो. बायको समोर भाजी निवडत होती.

"लिफ्ट बंद म्हणून आई चालल्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही बाजा दुरुस्त करताय."

"लिफ्ट माझ्या हातात नाही."

"बाजा हातात आहे म्हणून बिघडवताय होय?"

"बिघडवत नाहीये. सूर चढवतोय."

सूर चढला. आणखी चढला. मग 'टिंग' असा एक अतिशय मंजुळ आवाज झाला आणि जिभली तुटून भाजीत पडली. बायकोनं ती पाल्यातून शोधून काढली, धुतली आणि माझ्यासमोर ठेवली. एक शब्द बोलली नाही. आमच्या संसारात जे काही कडाक्याचे प्रसंग आले, त्यांत तिचं न बोलणं हेच नेहमी वरचढ ठरलेलं आहे.

नव्या पट्टीची ऑर्डर मी त्याच दिवशी परदेशी पाठवली. पट्टी येईपर्यंत बाकीच्या घरांवर हात बसवावा म्हणून बाजा पुन्हा जोडून गॅलरीत सराव सुरू केला, आणि समोरच्या दारातले काका आले. हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांना न घडलेल्या अपघातांबद्दल सावध केल्यामुळं त्यांना सल्ला दिल्याशिवाय चैन पडत नाही. इमारतीत त्यांना सल्लागार म्हणतात. त्यांच्या तोंडावरही म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

"श्वासाचा त्रास कधीपासून?" त्यांनी आत येतायेता विचारलं. हातात वाफारा घ्यायचं यंत्र होतं.

"मी माउथ ऑर्गन वाजवत होतो."

"असं होय." त्यांनी यंत्र खाली ठेवलं, बाजा हातात घेतला आणि त्याकडे बुडीत पॉलिसीकडे पाहावं तसं पाहिलं. "हवा गळतेय. लाकूड सुकलंय. कोमट पाण्यात भिजत घाला. लाकूड फुगतं, फटी बुजतात, आवाज असा येतो की बस्स."

"तुम्ही वाजवायचात का?"

"छे. पण आमच्याकडे लाकडी पिंपात पाणी भरून ठेवायचे ना, फटी बुजायला? तत्त्व एकच."

मी भिजत घातला. लाकूड फुगलं, यात वाद नाही. इतकं फुगलं की मधल्या चौकटीचे दात पट्ट्यांच्या बाहेर आले, करवतीसारखे. हे मला पाहून कळलं नाही, वाजवून कळलं. खालच्या ओठाला दोन चिरा पडल्या, आणि मी ओठावर पट्टी लावून कामावर गेलो.

वर्तमानपत्राच्या कचेरीत दहा मिनिटांत सगळ्यांना सगळं कळतं, फक्त चुकीचं कळतं. "माउथ ऑर्गनचं लाकूड फुगलं" हे खुलासा म्हणून कुणालाच पटेना. आमच्या वृत्तसंपादकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, "घरी सगळं ठीक ना?" असं विचारलं. जेवून परत आलो तर माझ्या टेबलावर आमच्याच पुरवणीतलं एक कात्रण ठेवलेलं: पतिपत्नींमधला संवाद कसा वाढवावा. तो मजकूर मीच तपासून सोडला होता. त्यात एक अनुस्वार राहून गेलाय हे मला तेव्हा दिसलं. दिवसातलं तेवढंच दुःख मी मोकळेपणानं भोगू शकलो.

इकडे आईची बॅग भरत आली होती. ताईनं रविवारचं तिकीट काढलं होतं. आई रोज थोडं थोडं भरायची आणि भरताना माझ्याकडे पाहायची. मी टेबलावर सुटे भाग मांडून बसलेला असे.

"काय रे चाललंय तुझं?"

"होत आलंय."

"मी जायच्या आत टेबल मोकळं करशील ना? तिला पोळपाट ठेवायला जागा नाही."

बाज्याच्या पट्टीचं पार्सल आलं, पण घरी नाही. परदेशातला माल तपासून सोडतात त्या पार्सल कचेरीत येऊन अडकलं. खिडकीमागं गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेले एक साहेब होते. आवाजात कसली म्हणून घाई नव्हती.

"वस्तू काय आहे?"

"वाद्याचा भाग."

"कशानं वाजवतात?"

"तोंडानं."

"म्हणजे तोंडात घालतात?"

"तोंडाला लावतात. आत फक्त हवा जाते."

त्यांनी चष्मा चढवला. "हवा आत जाते?"

"आत पण जाते, बाहेर पण येते."

"म्हणजे श्वसनाचं साधन." त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. पुरावा तिथं लावलेलाच होता. "डॉक्टरचा दाखला लागेल."

"अहो, वाद्य आहे ते!"

"वाद्य तुमच्या घरी आहे. इथं पार्सलमध्ये वाद्य नाही, भाग आहे. नुसत्या भागावरून मी कसं ठरवणार?"

यातला तर्क मला खोडता आला नाही, आणि हे सांगताना मला अजूनही शरम वाटते. "कुठल्या डॉक्टरचा चालेल?" मी विचारलं.

"तोंडाशी संबंधित कुणाचाही."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. मी गेलो तेव्हा खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडलेले होते. डॉक्टरांनी माझी हकिगत ऐकली, दोन्ही हातमोजे काढले आणि लगेच लिहून दिलं: "सदर वस्तू तोंडाला लावण्यास हरकत नाही." खाली शिक्का. मग म्हणाले, "मला बघायचंय ते. सगळं घेऊन या."

दाखला पाहताच खिडकीतल्या साहेबांनी पार्सल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "लवकर बरे व्हा."

नवी पट्टी मात्र अख्खी बसेना. बाबांचा बाजा जुना, आणि पट्टी नव्या मापाची. त्यावरची एक जिभली काढून जुन्या पट्टीवर जडवायची, हे काम डॉक्टरांनी आनंदानं अंगावर घेतलं. दात कोरायच्या यंत्रानं त्यांनी जिभली धरून ठेवणारी जुनी रिबीट कोरून काढली. खुर्चीत पुन्हा तेच गृहस्थ होते, किंवा तशाच चेहऱ्याचे दुसरे. आ वासल्यावर माणसं एकसारखीच दिसतात. नवी जिभली बसवून डॉक्टरांनी मला वाजवायला लावलं. मी श्वास ओढला. खुर्चीतून "आऽऽ" असा आवाज आला.

"सूर जुळला," डॉक्टर म्हणाले.

"त्यांना दुखतंय," मी म्हणालो.

"दुखतंय, पण सुरात."

फुगलेली लाकडी चौकट त्यांनी प्रकाशात धरून पाहिली आणि मान हलवली. "ही वाचणार नाही. नवी करून देतो. माझ्याकडे मटेरियल आहे."

मटेरियल म्हणजे कवळीचं. रंग निवडायला वाव नव्हता. "हिरड्या एकाच रंगाच्या असतात," ते म्हणाले. झाकणांनाही त्यांनी दातांचं पॉलिश मारलं. तयार झालेली वस्तू त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हा ती माझ्याकडे पाहून हसत होती. वरून चकचकीत पांढरी, मधे गुलाबी, आणि दातांची सरळ रांग.

बायकोनं ती उलटसुलट करून पाहिली. "रोज झोपताना पाण्यात ठेवायची का?"

पण सूर! चौथ्या घरातला सूर असा निघत होता की खिडकीची काच थरारावी. मी उरलेले दिवस कामावर जाण्याआधी गॅलरीत दार लावून सराव केला. दोन दिवसांनी सेक्रेटरी वर आले. जिने चढून आल्यामुळं त्यांना बराच वेळ बोलता येईना. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तक्रार आलीय," ते धापा टाकत म्हणाले, "या मजल्यावर कुणीतरी... घुसमटतंय म्हणून."

"ते तुम्हीच. लिफ्टचं काय झालं?"

त्यांचा चेहरा तेवढ्या धापेतही प्रसन्न झाला. "पार्ट... वाटेत आहे."

शनिवारी संध्याकाळी मी गॅलरीत बाबांच्या खुर्चीत बसलो. बोलावलं कुणालाच नव्हतं, तरी सल्लागार आले, आणि आपली कलाकृती ऐकायला डॉक्टरही जिने चढून आले. आईला मी म्हटलं, "बस ना इथं." ती म्हणाली, "तू वाजव. मी चहा टाकते. मला तिथून ऐकू येतं."

मी सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरी ओळ चढत गेली, चौथं घर आलं, मी श्वास ओढला, आणि तो सूर निघाला: स्वच्छ, बरोबर, एका केसाचाही फरक नाही. धून संपवली. सल्लागारांनी टाळ्या वाजवल्या आणि कोमट पाण्याचा गुण अखेर आला असं डॉक्टरांना सांगितलं.

आई हात पुसत बाहेर आली. "छान," ती म्हणाली. "अगदी दुकानातल्यासारखा वाजतो."

चहाचे कप ठेवून ती आत गेली. मग तिच्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. इकडून तिकडे, शेवटपर्यंत.

मी खुर्चीत बसून राहिलो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "दुसऱ्या ओळीत त्यांनी तोंड उघडलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणायला. गॅस बारीक केला, मान वर केली, तोंड उघडलं. तेवढ्यात तुमचा सूर आला. मग मिटलं."

आई पलंगावर बसली होती. बॅग शेजारी, बंद. माझ्या हातातला गुलाबी बाजा मी पाठीमागं लपवला. का ते सांगता येणार नाही.

"आई, काय चुकलं?"

"कुठं काय चुकलं? किती मेहनत घेतलीस. ओठ फाडून घेतलास."

"दुसऱ्या ओळीत तू काहीतरी म्हणणार होतीस."

ती गुडघा चोळत राहिली. "तो सूर बाज्यात नव्हताच रे," ती म्हणाली. "ते घर बिघडलेलं होतं यांचं. तिथं आले की नुसता श्वास ओढायचे. मग मी इकडून म्हणायचे तेवढाच. भाकरी... काहीतरी हातात असायचं, पण तेवढा सूर म्हणायचे. सवयच झाली होती."

गॅलरी एकीकडे, स्वयंपाकघर दुसरीकडे. मी मधल्या खोलीत. जगात फक्त तिथंच ती धून एकाच बाज्यातून निघाल्यासारखी अख्खी ऐकू येत होती, आणि तिथं मी इतकी वर्षं बसलो होतो. ताईचा जबाबही खरा होता.

"दुरुस्त का नाही करून घेतला त्यांनी?"

"घेतला होता की एकदा. मीच मागं लागले होते. आणला, वाजवला, आणि मी आपली सवयीनं इकडून म्हटलं, तर दोन सूर एकमेकांवर आपटले. मग मी गप्प राहिले. म्हटलं, बरं झालं बाई, नीट झाला बाजा." ती हसली. "पण दुसऱ्याच दिवशी परत ते घर बंद. म्हणाले, दुरुस्ती करणारा लबाड निघाला. कायम शिव्या घालायचे त्याला. पुन्हा काही नेला नाही. मग माझं परत सुरू झालं."

मला चिमटा आठवला. कडा जुळवलेली घडी आठवली.

"आई, तो दुरुस्ती करणारा लबाड नव्हता."

"तुला काय माहीत?"

"त्या जिभलीखाली चॉकलेटची चांदी होती. घडी घालून बसवलेली. तेवढी काढली तर सूर वाजत होता. मी खरवडून मोडला, तो नंतर."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग बॅगेकडे, मग परत माझ्याकडे.

"घडी कशी होती?"

"चौकोनी. अगदी कडेला कडा."

"तिकिटाचीसुद्धा तशीच घालायचे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्याला मी इतकी वर्षं लबाड म्हणत आले." आणि पदराऐवजी हातातल्या फडक्यानंच डोळे पुसले. "कुठाय ती चांदी?"

"टाकली."

ती मांडीवरचं फडकं सपाट करत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

बायकोनं कपाटातून चॉकलेट काढलं, आम्हा तिघांना एकेक तुकडा दिला आणि चांदी माझ्यासमोर सपाट केली. गॅलरीतून सल्लागार येऊन म्हणाले, मेण चांगलं. डॉक्टर म्हणाले, तात्पुरतं सिमेंट भरून देतो. दोघांनाही बायकोनं चहा संपवायला परत पाठवलं. माझी पहिली घडी जाड झाली, दुसरी तिरकी. तिसरी बसली. ज्या सुरासाठी मी पार्सल कचेरीत रुग्ण म्हणून नोंदला गेलो, त्याचं तोंड मीच बंद केलं.

पुन्हा गॅलरीत जाऊन बसलो. आई पुन्हा स्वयंपाकघरात गेली. तिथं आता तिचं काहीही काम नव्हतं. पहिली ओळ. दुसरी ओळ. चौथं घर. मी श्वास ओढला, नुसती हवा आली, आणि आतून आईचा आवाज आला. बारीक, वापरात नसलेला, आणि किंचित उतरलेला. बाबांच्या जिभलीसारखाच. मी ब्लेड घेऊन ज्याला चढवायला निघालो होतो तो सूर हाच होता.

कपडे काही कपाटात परत गेले नाहीत. रविवारी मी बॅग घेतली आणि आई कठडा धरून उतरली, प्रत्येक वळणावर थांबत. खालच्या पायरीपाशी सेक्रेटरी भेटले. "काळजी करू नका, काकू," ते म्हणाले. "पार्ट वाटेत आहे."

"मी पण," आई म्हणाली.

गाडी हलताना मी म्हणालो, "आई, जाऊ..." आणि मग म्हणालो, "पोचल्यावर फोन कर."

"करते," ती म्हणाली. "बाजा जवळ ठेव."

तेव्हापासून माझ्या सुटीच्या दिवशी, संध्याकाळी, मी गॅलरीत बसतो. मोबाइल कठड्यावर उभा करतो. पलीकडे ताई आईच्या हातात फोन देते आणि दरवेळी "हा कवळीचा कार्यक्रम किती वेळ?" असं विचारते. मी वाजवायला लागतो. दुसऱ्या ओळीत चौथं घर येतं आणि मी श्वास ओढतो. माझी धून तिथं पोचून आईचा सूर इकडं यायला वेळ लागतो. मधे नुसता ताईकडचा पंखा ऐकू येतो. सल्लागार समोरच्या दारात उभे राहून "नेटवर्कचा प्रॉब्लेम, पुढं चला" अशी खूण करतात. मी मान हलवतो आणि श्वास धरून बसतो. जागा रिकामी असते. मी ती भरत नाही.

सूर वाटेत असतो. आणि तो येतो.